कंपनीसाठी लावलेला कौल

देवसागर फूड्स विकली गेल्याचं काजरसड्याच्या लोकांना टीव्हीवरून कळलं. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये दुपारच्या जेवणाच्या वेळी टीव्ही चालू असे. शेअर बाजाराचं चॅनल कुणी मुद्दाम लावलं नव्हतं. रिमोट बिघडला होता, म्हणून जे लागलं होतं ते चालू होतं. पडद्याच्या तळाशी पळणाऱ्या पट्टीत कंपनीचं नाव आलं आणि गेलं. आर्विन कन्झ्युमरने देवसागर विकत घेतली. पाठोपाठ एक आकडा गेला. त्यात इतकी शून्यं होती की वाचून होईपर्यंत पट्टी संपली.

"आपली काय रे?" कुणीतरी विचारलं.

"आपलीच. दुसरी कुठची असणार?"

"आपली कदी होती ती?" असं म्हणत कमळा पाडावेने ताट उचललं. कमळा कोळंबी सोलणाऱ्या बायकांमधली सगळ्यात जुनी. तिच्या बोलण्यावर लोक हसत, पण ते बोलणं विसरत नसत.

अनिल गुरव कोपऱ्यात जेवत होता. त्याने मान वर केली नाही. अमोनियाचा कॉम्प्रेसर चालवणाऱ्या माणसाचं लक्ष बातम्यांपेक्षा आवाजावर असतं, आणि भिंतीपलीकडे मशीनचा आवाज होता तसाच होता. मालक बदलला हे मशीनला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

कारखाना सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर; गाव सड्याच्या उतारावर. मिरकरवाड्याच्या बंदरातून म्हाकूल आणि कोळंबी यायची, सोलून, गोठवून, खोक्यांत भरून परदेशी जायची. काजरसड्याच्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी तिथे कामाला होतं आणि त्यांच्या कपड्यांचा वास धुवून जात नसे. अनिल मात्र रोज संध्याकाळी दोनदा आंघोळ करी, कारण त्याला देवळात जायचं असे. तो गावदेवी नवलाईचा गुरव होता.

नवलाईला कौल लावायचा म्हणजे तिच्या काळ्या पाषाणाला ओल्या बोटाने फुलाच्या दोन पाकळ्या चिकटवायच्या. एक उजव्या खांद्यावर, एक डाव्या. मग गाऱ्हाणं घालायचं, प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. उजवी आधी पडली तर होय, डावी आधी पडली तर नाही. लग्नं, विहिरी, भावाभावांतल्या वाटण्या, मुंबईची नोकरी सोडून परत यावं की येऊ नये, सगळं काजरसड्यात असंच ठरत आलेलं. पाकळ्या लावण्याचा मान गुरवाचा. दुसऱ्या कुणी मूर्तीला हात लावायचा नाही.

अनिलला नोकरीही कौलामुळेच लागली होती. देवसागरचा शेठ पहिल्यांदा जागा बघायला आला तेव्हा गावाने अट घातली, आईला विचारू. अनिलच्या वडिलांनी पाकळ्या लावल्या, उजवी पडली, गावाने जागा दिली. शेठ खूश झाला. देवळाच्या पायरीवर उभा राहून त्याने वडिलांना विचारलं, "पोरगा काय करतो?" पोरगा तेव्हा काहीच करत नव्हता. शेठ म्हणाला, पाठवून द्या. एवढंच. पुढे दरवर्षी मासेमारीचा हंगाम सुरू झाला की शेठ मुंबईहून यायचा, गेटापाशी नारळ द्यायचा, अनिल गाऱ्हाणं घालायचा आणि तीन पाळ्यांचे लोक "व्हय म्हाराजा" म्हणायचे. शेठ गेला, त्याचे मुलगे आले. नंतर मुलगेही येईनासे झाले. नारळ मॅनेजरच्या हातून फुटू लागला.

विक्रीनंतर गळ्यात लॅपटॉपच्या पिशव्या अडकवलेली पोरं आली आणि कारखानाभर हिंडली. त्यांनी फ्रीझर पाहिले, जनरेटर पाहिला, सांडपाण्याची टाकी पाहिली. माणसांकडे त्यांचं लक्ष गेलं नाही; ती यादी वेगळ्या लोकांकडे होती. मग गेट मिटिंग झाली. एचआर मॅनेजर सुजय घोसाळकर खुर्चीवर उभा राहून म्हणाला, आता आपण एका मोठ्या कुटुंबात आलो आहोत.

"कुटुंबात नवा भाऊ येतो तो वाटणी मागायलाच," कमळा मागून म्हणाली. सुजयही हसला.

हसणं संपल्यावर नोटीस लागली. स्वेच्छानिवृत्ती. खरी गोष्ट अशी होती की आर्विनला इमारत हवी होती, कोल्ड स्टोरेज हवं होतं, निर्यातीचा परवाना हवा होता; कायम नोकरीतली माणसं नको होती. व्यवहार पुरा होण्याआधी ती माणसं कमी करून द्यायची, असं देवसागरने लिहून दिलं होतं. नोटिशीत हे नव्हतं. नोटिशीत एवढंच होतं की जे सही करतील त्यांना एकरकमी पैसे मिळतील. जे करणार नाहीत त्यांचं काय, यावर एक ओळ नव्हती.

युनियनचा अध्यक्ष आप्पा गोताड दोन वकिलांकडे जाऊन आला. एक म्हणाला, घेऊ नका, अडून बसा. दुसरा म्हणाला, आत्ताच घ्या, उद्या हेही मिळणार नाही. आप्पाने दोघांचं म्हणणं जसंच्या तसं सभेत सांगितलं आणि खाली बसला. लोक त्याच्याकडे बघत राहिले.

"तुजं काय म्हणणं ते सांग की," बाबल्या म्हणाला. बाबल्या गाडीत खोकी भरणारा.

"माझं म्हणणं काय असणार? मी काय वकील आहे?"

"मग अध्यक्ष कशाला झालास?"

बराच वेळ असं चाललं. शेवटी कमळाच बोलली. "आईला इचारूया. कंपनी आली ती आईला इचारून आली. आता आपण जायचं तर तिला इचारूनच जाऊ."

सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. ज्यांचा देवावर फारसा विश्वास नव्हता त्यांनाही. पुढच्या सगळ्या आयुष्याचा निर्णय घ्यायचा होता आणि तो आपल्याला घ्यावा लागणार नव्हता.

कौलाच्या आदल्या दिवशी दुपारी सुजय घोसाळकर अनिलच्या घरी आला. गाडी फाट्यावर ठेवून तो उन्हातून चालत आला होता. सुजय मूळचा मंडणगडकडचा, वयाने अनिलच्या धाकट्या भावासारखा, पण कंपनीत सगळ्या वडीलधाऱ्यांना तो काका म्हणे. राजश्रीने, अनिलच्या बायकोने, कोकमाचं सरबत आणून दिलं आणि ती आत गेली.

"काका, आमच्या गावातही कौल लागतो," सुजय म्हणाला. "मी मुंबईला गेलो तो कौलावरच. त्यामुळे मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"गुरवाच्या बोटात किती असतं ते."

अनिलने पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला.

"पाकळी नुसती टेकवली की पटकन पडते. पाणी लावून दाबली की दुपारपर्यंत हलत नाही. चुकत असेन तर सांगा."

"बरोबर आहे तुमचं. म्हणून तर गुरव कौलाला उपाशी जातो. मनात काही राहू नये म्हणून."

"मनात काही ठेवा असं मी कुठे म्हणतोय? लोकांच्या भल्याचंच आहे हे. मी आतून बघतोय ना काका, जे अडून बसतील त्यांचे हाल होतील." सुजयने सरबताचा घोट घेतला. "शमिकाचं काय चाललंय?"

शमिका त्यांची मुलगी. सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सी झाली होती आणि शहरात एका खाजगी लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्यांवर नावं चिकटवत होती.

"आर्विनच्या पुण्याच्या ऑफिसात क्वालिटीला जागा निघतेय," सुजय म्हणाला. "बायोडाटा पाठवून ठेवू दे तिला. कौल कसाही लागो." शेवटचं वाक्य त्याने जरा मोठ्याने म्हटलं, आत ऐकू जाईल असं.

अनिलने त्याला हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही. उन्हातून आलेल्या पाहुण्याला तोंडावर नाही म्हणण्याची त्याच्या घरात रीत नव्हती. "सरबत संपवा," तो म्हणाला, आणि सुजयला कुंपणाच्या बेड्यापर्यंत सोडून आला. सुजय येऊन गेल्याचं त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर लोक कौलच लावू देणार नाहीत, आणि मग काय करतील, हे त्याला सुचेना. आपलं मन साफ आहे तेवढं पुरे, असं त्याला वाटलं. राजश्रीने त्याच संध्याकाळी शमिकाला बायोडाटा पाठवायला सांगितलं, हे त्याला नंतर कळलं.

सकाळी देवळाचं अंगण भरलं. सुट्टी नसलेले लोकही आले. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मध्ये आप्पा गोताड हातात नारळ घेऊन, कारण नारळ कुणाच्या हाताने ठेवायचा हे ठरत नव्हतं आणि अध्यक्षाने निदान तेवढं तरी करावं असं लोकांचं म्हणणं पडलं.

अनिलने पाकळ्या लावल्या. त्याच्या बोटांची टोकं तेव्हा बरीच मेलेली होती. वर्षानुवर्षं बर्फ जमलेले पाइप आणि व्हॉल्व्ह हाताळून तिथलं कळणं कमी झालं होतं. गरम चहाचा पेला त्याला चटकन पोळत नसे. पाकळ्या तो डोळ्यांनी बघून लावी, बोटाने नाही. उजवी लावली, डावी लावली, मागे सरकला आणि गाऱ्हाणं घातलं.

"गे आई नवलाई, आज ही तुजी लेकरां तुज्या पायाशी उभी हायत..."

"व्हय म्हाराजा!"

"ज्या कंपनीवर ती जगली ती आज दुसऱ्याच्या हातात गेलीय, तो दुसरा कोण ता आमी बघितलेला नाय..."

"व्हय म्हाराजा!"

"तर कंपनी देतेय ता घेऊन लेकरांनी बाहेर पडावं काय? पडावं असंल तर उजवा दे. नको असंल तर डावा दे. लेकरांची दिशाभूल करू नको..."

"व्हय म्हाराजा!"

मग सगळे थांबले. देवळात थांबणं वेगळं असतं. कुणी घड्याळ बघत नाही. समईची वात सारखी केली गेली. एका पोराचा मोबाइल वाजला, त्याच्या आईने त्याला चापट मारली.

"आईलापण नोटीस पिरियड लागतोय वाटतं," बाबल्या पुटपुटला. पुढच्या रांगेतले हसले, आणि हसणं पुरतं विरण्याआधी उजवी पाकळी सुटली, मूर्तीच्या हातावरून घसरली आणि खाली पडली. डावी जागची हलली नव्हती.

एक मोठा उसासा अंगणभर पसरला. तो आनंदाचा नव्हता, दुःखाचाही नव्हता. आता ठरलं, एवढाच. त्या आठवड्यात एचआरच्या केबिनबाहेर रांग लागली. पहिली सही गुरवाने करावी असं लोकांनी म्हटलं आणि अनिलने केली. बाबल्या आणि आणखी चारपाच जण तेवढे राहिले. "आईने सगळ्यांचा मिळून दिलाय," बाबल्या म्हणाला, "माजा मी एकट्याचा इचारलेला नाय." पुढे त्यांची बदली गुजरातमध्ये वेरावळला झाली आणि महिनाभरात तेही सोडून आले, बाकीच्यांपेक्षा कमी पैसे घेऊन. तेव्हा कौल चुकला असं म्हणायला जागा नव्हती. पण बरोबर आला असंही म्हणता येत नव्हतं.

कारण कारखाना बंद पडलाच नाही. नवीन नावाची पाटी लागली आणि ठेकेदार गावात आला. त्याला अनुभवी बायका हव्या होत्या. कमळा परत गेली. त्याच टेबलाशी, त्याच सुरीने, तीच कोळंबी. टोपीचा रंग बदलला होता आणि पगार रोजाचा झाला होता. आजारपणाची रजा नव्हती, कारण आजारी पडलेली बाई दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या यादीत नसे. मिळालेल्या पैशांतून कुणी घरावर पत्रे घातले, कुणी मोटारसायकल घेतली, कुणी मुलीचं लग्न उरकलं. पत्रे आणि मोटारसायकली उरल्या.

अनिलला परत बोलावलं नाही. कॉम्प्रेसरला आता कॉम्प्युटर बसवला होता आणि तो पुण्यातून कुणीतरी बघत होतं.

अशा वेळी शमिकाच्या फोनवर नेमणुकीचा मेल आला.

"जायचं नाही," अनिल म्हणाला.

"का?" शमिका म्हणाली. "माझे मार्क आहेत. मुलाखत झाली फोनवर, सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली मी."

"त्या घोसाळकराने दिलेली जागा आहे ती."

"जागा कुणी ना कुणी देतंच बाबा. तुम्हालाही शेठने दिली होती."

"ते वेगळं."

"वेगळं कसं?"

राजश्री भाकरी थापता थापता थांबली होती. शमिका उठून त्याच्या समोर येऊन बसली.

"बाबा, एकच सांगा. तुम्ही काही केलंत का?"

अनिलने लगेच उत्तर द्यायला हवं होतं. पण त्याला ती सकाळ आठवली, उजवी पाकळी लावताना खाली केलेली नजर आठवली, आणि उजव्या पाकळीला पाणी किती लागलं होतं ते आठवेना. बोटाला कळलंच नव्हतं. सुजय येऊन गेला नसता तर हा प्रश्न त्याला कधी पडलाच नसता.

"नाही," तो म्हणाला.

उशीर झाला होता. शमिकाने तो उशीर पाहिला. तरी ती म्हणाली, "मग झालं तर," आणि बॅग भरायला गेली. अनिलने तिला अडवलं नाही. एसटी स्टँडवर सोडायला गेला, खिडकीतून पाण्याची बाटली दिली, गाडी सुटेपर्यंत उभा राहिला.

गावाला कळायला वेळ लागला नाही. राजश्रीनेच आनंदाने शेजारी साखर वाटली होती. सुजय त्या दुपारी फाट्यावरून चालत आल्याचं कुणीतरी पाहिलेलं होतंच. ते इतके दिवस नुसतं पाहिलेलं होतं, आता त्याला अर्थ आला. कमळाने अनिलला विहिरीपाशी गाठलं. बायका कळश्या घेऊन उभ्या होत्या.

"तुज्या बापाने कौल लावला तवा तुला नोकरी," ती म्हणाली. "तू लावलास तवा तुज्या पोरीला. आई पगार देते तो बरा तुमच्याच घरात येतो."

"काकी, मी काही केलं नाही."

"तो मानूस आलेला काय नाय तुज्याकडे?"

"आलेला."

"मग त्या दिवशी देवळात का नाय सांगितलंस?"

याचं उत्तर त्याच्याकडे होतं, पण ते दहा बायकांसमोर विहिरीपाशी सांगता येण्यासारखं नव्हतं. पाहुण्याला नाही म्हणता आलं नाही, हे ऐकून कुणाची नोकरी परत येणार होती?

दुसऱ्या दिवशी तो सुजयला भेटायला कारखान्यात गेला. गेटवरच्या नव्या वॉचमनने त्याला बसवून ठेवलं. आत केबिनमध्ये सुजय खोक्यात वस्तू भरत होता: कुंडी, मुलाचा फोटो, एक पितळी होडी, निवृत्तीच्या समारंभांत देतात तशी. आर्विन स्वतःच हेल्डर नावाच्या परदेशी कंपनीत विलीन होत होती. दोन कंपन्यांना मिळून एकच एचआर पुरे होता.

"बसा काका. खुर्ची अजून आपलीच आहे."

"तुम्ही एकदा गावात येऊन सांगा," अनिल म्हणाला. "मी तुम्हाला शब्द दिला नव्हता, एवढंच. चार लोकांसमोर."

सुजयने त्याच्याकडे नीट पाहिलं. "मी सांगितलं तर त्यांना पटेल? लोक म्हणतील बघा, अजून मिळालेले आहेत."

"खरं आहे ते सांगायला काय जातं?"

"काही जात नाही. माझं आता कशातच काही जात नाही." सुजयने दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. त्याच्या चेहऱ्यावर खरंच कौतुक होतं. "पण काका, आता इथे कोण ऐकतंय? खरं सांगा. कसं केलंत? मी मागे उभा होतो, मला काही कळलं नाही. काय हात आहे तुमचा!"

अनिल उठला. जाताना सुजय म्हणाला, "माझ्यासाठीही एक लावा कधीतरी," आणि ती थट्टा नव्हती.

मग अनिलने गावकीची सभा मागितली. तो म्हणाला, माझ्यावरचा आळ आईनेच काढावा. माझ्या हाताने लबाडी झाली का, तिला विचारा.

"आणि पाकळ्या लावणार कोण?" आप्पा गोताडने विचारलं. "तूच?"

लोक हसले. अनिलने लावून उपयोग नव्हता आणि गुरवाशिवाय कुणी लावून चालणार नव्हतं. म्हणजे राहिला स्वरूप. स्वरूप हा अनिलचा चुलतभाऊ. टेम्पो चालवायचा, देवळाची पाळी अनिल आजारी असला तरच करायचा. लोकांनी विचार केला. अनिल दोषी ठरला तर पूजेची पाळी, देवीच्या जमिनीचं उत्पन्न, पालखीचा मान, सगळं स्वरूपकडे जाणार होतं. स्वरूपचा फायदा डाव्या पाकळीत होता. म्हणून त्याने लावलेली उजवी पडली तर ती कुणालाही मानावी लागली असती. एवढा चोख हिशेब युनियनने कंपनीशी केला असता तर बरं झालं असतं, असं बाबल्या म्हणाला.

या वेळी अंगणात माणसं जास्त होती. अनिल गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभा राहिला, पहिल्यांदाच आत न जाता. प्रश्न सरळ ठेवला होता: अनिलचा हात साफ होता काय? साफ असेल तर उजवा, नसेल तर डावा.

स्वरूपने तांब्यात बोटं बुडवली. डावी पाकळी घेतली, मूर्तीच्या खांद्याला लावली आणि अंगठ्याने दाबली. दाबून धरली. मग धोतराला बोटं पुसली, अगदी सहज, घाम पुसावा तशी, आणि कोरड्या बोटाने उजवी पाकळी टेकवली. नुसती टेकवली.

अंगणातून स्वरूपची पाठ दिसत होती. उंबऱ्यातून अनिलला हात दिसत होते. आयुष्यभर आपण जे केलं नाही ते इतकं सोपं असतं, हे तो पहिल्यांदा पाहत होता. बक्षीस म्हणून स्वरूपला काहीही मिळणार नव्हतं. उलट हाताशी आलेली पाळी जाणार होती. केवळ चुलतभावावरच्या मायेने तो आईच्या अंगावर खोटं चिकटवत होता. म्हणजे स्वरूपनेही मनोमन धरलंच होतं की खरा कौल घेतला तर अनिल वाचणार नाही.

स्वरूप वळला आणि गाऱ्हाणं सुरू करायला त्याने हात जोडले. उजवी पाकळी आत्ताच थरथरत होती. आणखी दोन श्वास, की ती पडली असती, आणि अनिल गुरव साफ ठरला असता. कमळाने ते मानलं असतं. विहिरीपाशी लोकांनी त्याला वाट दिली असती. शमिकाची नोकरी शमिकाची झाली असती.

अनिलने उंबरा ओलांडला.

"दादा, गप उभा रहा," स्वरूप दातांत म्हणाला.

अनिलने हात वर केला आणि मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवरून तळवा फिरवला. उजवी पाकळी हाताच्या वाऱ्यानेच गळाली. डावी निघेना, ती त्याला नखाने खरवडून काढावी लागली.

काजरसड्याच्या माणसांनी कौल लागलेला, न लागलेला, दिवसभर रखडलेला पाहिला होता. आई बोलण्याआधी कुणी पाकळ्या पुसून टाकल्याचं पाहिलं नव्हतं. मग कुणीतरी म्हणालं, "बघितलंत?" आणि मग सगळेच बोलू लागले.

आप्पा गोताड पायरीपर्यंत आला. "कशाला पुसलंस? घाबरलास?"

अनिलने स्वरूपकडे पाहिलं. उजव्या हाताचा अंगठा त्याने मुठीत लपवला होता. त्याची दोन लहान पोरं अंगणात, पुढच्याच रांगेत, बापाची पहिली मोठी पूजा बघायला नवे कपडे घालून बसली होती. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलल्यावर काजरसड्यात एकही गुरव उरला नसता.

"मला नको कौल," अनिल म्हणाला.

तो गर्दीतून बाहेर पडला तेव्हा लोकांनी वाट दिली, अंग चोरून. पाळी त्याच दिवशी स्वरूपकडे गेली. स्वरूपने नको म्हटलं, रडलासुद्धा. लोकांना त्याचं कौतुक वाटलं.

हेल्डरने पुढे पुण्याचं ऑफिस बंद करून हरियाणात नेलं आणि शमिका तिकडे गेली. फोनवर ती विचारायची, गावात सगळं ठीक ना? राजश्री म्हणायची, ठीक. अनिल कोळंबीच्या गाड्या धुवायला जाऊ लागला, बंदरावर, ओळखीचं कुणी नसेल अशा वेळी.

एकदा फाट्यावर तो सहा आसनी रिक्षाची वाट बघत असताना कमळा पाडावे त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. ठेकेदाराच्या गाडीसाठी ती रोज तिथे उभी असे. इतक्या दिवसांत ती त्याच्याशी बोलली नव्हती. आता तिचा आवाज वेगळा होता, आजारी माणसाशी बोलावं तसा.

"अनिला, मी राग सोडलाय हां," ती म्हणाली. "मानूस हाय, चुकतो. पोरीचं बघायचं होतं तुला. मना पोरगी असती तर मी पन केलं असतं. पन तू आईच्या म्होरं खोटा उजवा घेतला नाय, सवताच्या हाताने पुसलास. कबूल केलंस. त्येला पन छाती लागते."

अनिल रस्त्याकडे बघत होता.

"जीव हलका झाला असंल आता."

गाडी आली. कमळाने पायरीवर पाय ठेवला, मग परत वळली, त्याच्या उत्तरासाठी. गाडीतल्या सगळ्या बायका बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. किती दिवसांनी नव्हता.

"झाला, काकी," अनिल म्हणाला.

"मग उद्यापासून ये इथेच. ठेकेदाराला सांगते मी तुज्यासाठी," कमळा म्हणाली, आणि आत सरकून तिने दार ओढून घेतलं.